ओरेलमास्तरांचे दोन इंजेक्टर

ओरेलमास्तरांच्या स्नोमोबाईलला, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीला, खरं तर काहीही झालेलं नव्हतं. उणे अठ्ठावीस अंशांत सकाळी सुरू करताना ती एकदा खोकायची, एवढंच. उणे अठ्ठावीसमध्ये मास्तर स्वतः तीनदा खोकायचे, आणि त्यांना कोणी उघडून बघत नव्हतं. पण माणूस एकतीस वर्षं सेंत-आग्लाएच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असला, वर गावच्या स्नोमोबाईल क्लबाचा चिटणीस असला, आणि येत्या शनिवारी कार्निव्हलच्या मिरवणुकीत एकशे चाळीस गाड्यांच्या पुढे झेंडा लावून त्यालाच जायचं असलं, की तेवढा एक खोकलासुद्धा त्याला चर्चच्या घंटेएवढा ऐकू येतो.

"मिरेयकडे ने," सोलांज म्हणाली. सोलांज म्हणजे मास्तरांची बायको. तिचा सल्ला नेहमी तीन शब्दांच्या आत असायचा आणि नेहमी बरोबर असायचा, त्यामुळे तो मानणं मास्तरांना फार जड जायचं.

मिरेय बोल्दूक गावात गॅरेज चालवायची. कोणे एके काळी ती मास्तरांच्या वर्गात होती आणि रसायनशास्त्रात दोनदा नापास झाली होती. आता चाळिशीला आलेली ही बाई डोळे मिटून इंजिन ऐकायची आणि मग नुसतं "हं" म्हणायची. आपण नापास केलेल्या विद्यार्थिनीसमोर हातमोजे काढून उभं राहायचं आणि तिच्या "हं"ची वाट बघायची, ही कल्पनाच मास्तरांना सोसेना.

शेजारच्या फेर्नां कारोंला मात्र सल्ला देताना तीन शब्द कधीच पुरत नसत. लाकूड कापण्याच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून तो कुंपणावरच राहायचा म्हटलं तरी चालेल. त्याच्या शिव्या सगळ्या चर्चमधल्या भांड्याकुंड्यांच्या होत्या, आणि त्या घेतल्याशिवाय त्याचं वाक्य सुरूच होत नसे.

"तबर्नाक! एवढ्याशा कामाला गॅरेज?" तो म्हणाला. "आम्ही कार्बोरेटर दर नोव्हेंबरात उघडायचो. चहाची गाळणी धुवावी तसा धुवायचा आणि परत लावायचा."

"माझ्या गाडीला कार्बोरेटर नाही, फेर्नां. इंजेक्टर आहेत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारतात."

"म्हणजे पिचकारीच ना? मग पिचकारीला काय डॉक्टर लागतो? तू तर शास्त्रज्ञ माणूस!"

'शास्त्रज्ञ' हा शब्द फेर्नांने सहज टाकला होता, पण मास्तर तो घेऊन थेट छपरीत गेले.

तो सोमवार होता, कार्निव्हलच्या आठवड्याची शाळेला सुट्टी, आणि हवाही बरी होती. उणे आठ, आणि बर्फ अगदी भुरभुर पडत होतं. छपरी पुढून उघडी. मास्तरांनी टाकीचं झाकण काढून बाकावर ठेवलं, म्हणजे आतला दाब निघून जाईल. मग इंजिनाच्या डोक्यावरचे ते दोन इंजेक्टर त्यांनी असे अलगद बाहेर काढले की पाहणाऱ्याला वाटावं, जुळ्यांचं बाळंतपण चाललंय. ते दिसायलाही जुळेच होते. प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी नंबर कोरलेला होता. चष्मा घरात होता. मास्तरांनी ठरवून टाकलं की ही कारखान्याची तारीख असणार.

धुवायला भांडं लागणार होतं. सोलांज ज्यात मेंढीची तंगडी भाजायची ते काचेचं भांडं हाताशी आलं. डावा इंजेक्टर भांड्याच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, इतकी काटेकोर व्यवस्था त्यांनी केली. मग सोलांजने जेवायला हाक मारली. जेवून ते परत आले आणि बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसले, कारण त्या बाजूला हीटर होता. भांड्याच्या डावीकडचा इंजेक्टर त्यांनी डावीकडे बसवला. आपण बाजू बदलली की डावं-उजवंही बदलतं, हे ते सातवीच्या पोरांना आरशाचा धडा शिकवताना दरवर्षी सांगायचे.

गाडी सुरू झाली. म्हणजे काय झालं, की आधी ती शिंकली, मग थरथरली, मग एखाद्या म्हाताऱ्या घोड्यासारखी एका पायावर लंगडू लागली आणि मागून असा निळा-पांढरा धूर सोडला की तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला. घरातला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. सोलांज मागच्या दाराने बाहेर आली. तिच्या हातात टॉवेल होता आणि नजर त्या काचेच्या भांड्यावर होती.

"ओरेल," ती म्हणाली, "हे माझं भांडं आहे?"

तेवढ्यात कुंपणावरून उत्तर आलं.

"पेट्रोल!" फेर्नां ओरडला. "पेट्रोलात पाणी आहे! मी पैजेवर सांगतो!"

बुडत्या माणसाने दोरी धरावी तसं मास्तरांनी ते वाक्य धरलं. कारण पेट्रोलात दोष असला तर तो त्यांच्यात नव्हता. त्यांनी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल शाळेच्या मोजपात्रात काढलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. तासाभराने बघतात तर काय, खाली दोन बोटं स्वच्छ पाण्याचा थर! मास्तरांनी सोलांजला बोलावून तो दाखवला. ती म्हणाली, "मिरेयकडे ने." मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं.

पेट्रोल गावात एकाच ठिकाणी मिळायचं, रोलांद वायांकूरच्या पंपावर. रोलांद पासष्टीची. नवरा गेल्यापासून पंप तिनेच चालवला होता, आणि पंपाच्या खोलीत सहा स्टुलांचा कॉफीचा ओटाही. अर्धं गाव सकाळी तिथेच उठायचं. मास्तर मोजपात्र हातात घेऊन तिथे गेले तेव्हा सहाही स्टुलं भरलेली होती आणि आणखी दोघं भिंतीला टेकून उभे होते. मास्तरांना वर्ग भरलेला आवडायचा.

"रोलांद," त्यांनी मोजपात्र उजेडात धरलं, "हे तुझं पेट्रोल."

रोलांदने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आणि खाली काय आहे?"

"पाणी."

"ओरेल, मी दर सोमवारी टाकीत काठी घालते. काठीला पाणी ओळखणारा लेप लावते. पाणी असलं तर लेप लाल होतो. बावीस वर्षांत एकदा झाला, तेव्हा मी स्वतः पंप बंद केला होता. तुला आठवत असेल."

"काठी म्हणजे काठी," मास्तर म्हणाले. "हा प्रयोग आहे. विज्ञान खोटं बोलत नाही, रोलांद."

आठ माणसांनी माना डोलावल्या. मास्तर घरी आले आणि सरकारी इंधन-तपासणी खात्याकडे तक्रार करायला बसले. तक्रार कॉम्प्युटरवर करायची होती. एका चौकटीत विचारलं होतं, 'तुम्हाला खात्री आहे का?' पर्याय दोनच, 'होय' आणि 'तक्रार रद्द करा.' मास्तरांना खरं तर 'बऱ्यापैकी' असं लिहायचं होतं, पण तशी सोय नव्हती. त्यांनी 'होय'वर बोट ठेवलं. सरकारी काम, बर्फ वितळेपर्यंत कोणी येत नाही, असा त्यांचा अंदाज होता.

तपासनीस बुधवारी सकाळी नऊ वाजता हजर. कोवळा, सभ्य, कानांना गरम टोपी बांधलेला माणूस. त्याने बाटल्या भरल्या, मग पंपाच्या नळीभोवती लाल पट्टी गुंडाळली आणि शिक्का मारला.

"हे काय?" रोलांदने विचारलं.

"नियम आहे, मादाम. लेखी तक्रारीत 'खात्री आहे' असं असलं की नमुन्याचा निकाल येईपर्यंत विक्री बंद. दहा दिवस."

"शनिवारी कार्निव्हल आहे. एकशे चाळीस गाड्या येतायत. मी चार मोठी पातेली घेवडा भिजत घातलाय."

"घेवड्यावर बंदी नाही," तपासनीस म्हणाला. खरंच सभ्य होता.

मास्तरांना हे फेर्नांकडून कळलं. त्यांनी दुपारचं सूप अर्धवट टाकलं. मग ते सोळा किलोमीटरवरच्या शेजारच्या गावातून पेट्रोलचा डबा भरून घेऊन आले, टाकी पार कोरडी केली, नवं पेट्रोल ओतलं आणि गाडी सुरू केली.

शिंक. थरथर. धूर. भोंगा.

गुरुवारी मास्तर गाडी ट्रेलरवर घालून मिरेयच्या गॅरेजमध्ये गेले. मागच्या गल्लीतून गेले.

मिरेयने डोळे मिटून ऐकलं. "हं," ती म्हणाली. मग टॉर्च घेऊन इंजिनात वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे हे मास्तरांना जरा उशिराच कळलं.

"सर, इंजेक्टर तुम्ही काढले होते?"

"साफ करायला."

"आणि अदलाबदल केलीत."

"दोन्ही सारखेच आहेत, मिरेय."

"दिसायला, सर. एक केसभर जास्त मारतो, एक केसभर कमी. कारखान्यात प्रत्येकाला मोजतात आणि त्याचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरतात, हा डाव्या सिलिंडरचा, हा उजव्याचा. त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. आता एका सिलिंडरला पुरासारखं जातंय आणि दुसरा तहानलेला आहे. असेच दहा किलोमीटर पळवली असतीत तर पिस्टन वितळला असता."

मास्तर टायरांच्या ढिगाकडे वळले. "पण पाणी? पाणी मी डोळ्यांनी पाहिलं."

"टाकीचं झाकण कुठं ठेवलं होतं?"

"बाकावर."

"किती वेळ?"

"जेवून येईपर्यंत."

"आणि छपरी पुढून उघडी आहे. आणि सोमवारी बर्फ पडत होतं." मिरेयने हे अगदी हळू, समजुतीने सांगितलं. वर्गात दुसऱ्यांदा नापास झालेल्या पोरीला मास्तर ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात. तिला ते माहीत नव्हतं. मास्तरांना होतं, आणि त्यांचे कान असे तापले की टोपी काढावी लागली.

दहा मिनिटांत गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. "मी कोणाला काही बोलणार नाही," मिरेय म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बोला."

मास्तरांनी शुक्रवारी सकाळी खात्यात फोन लावला. पाऊण तास वाजंत्री ऐकल्यावर एक बाई आली.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"तसा अर्ज नाहीये, साहेब. तुम्ही तक्रारीविरुद्ध तक्रार करू शकता."

"कोणाविरुद्ध?"

"तक्रारदाराविरुद्ध."

मास्तरांनी तीही केली. 'ओरेल पोमर्लो यांनी बेजबाबदार आणि अडाणीपणाची तक्रार केली आहे,' असं स्वतःच्या हातांनी लिहिलं. 'खात्री आहे का?' होय, या वेळी अगदी शंभर टक्के होती. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'तक्रारदार आणि आरोपी एकच व्यक्ती असू शकत नाही. तक्रार फेटाळली.'

आता साधा, सरळ रस्ता एकच उरला होता. घरातून निघायचं, चारशे पावलं चालायचं आणि रोलांदला सांगायचं. मास्तर तीनदा निघाले. एकदा पोस्टापर्यंत गेले, एकदा चर्चपर्यंत, आणि एकदा तर पंपाच्या समोर जाऊन, जणू बुटात खडा गेलाय असं दाखवून, बूट झटकून परत आले. मिरवणूक होऊन जाऊ दे, मग शांतपणे सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हे कारण त्यांनाही पटलं नाही, पण ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

शनिवारी ऊन असं पडलं होतं की बर्फाकडे बघवेना. एकशे चाळीस गाड्या आल्या, पण पेट्रोल शेजारच्या गावात भरून आल्या, आणि भरता भरता तिथेच जेवूनही आल्या. मास्तर झेंडा लावून सगळ्यांच्या पुढे. फेर्नांच्या हातात क्लबाचा ध्वनिक्षेपक आला होता, आणि तो कोणी दिला याची नंतर बरीच चौकशी झाली.

"आणि हे बघा, तबर्नाक, तुमची आमची इंजिनं वाचवणारा माणूस! आपला शास्त्रज्ञ, ओरेल पोमर्लो!"

लोकांनी मोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज उशा बडवल्यासारखा येतो. मास्तर झेंड्याखाली बसले होते आणि गाडी इतकी सुरेख चालत होती की त्यांना रडू यावं. चौकात पंप आला. लाल पट्टीच्या शेजारी रोलांद हाताची घडी घालून उभी होती. मागे काचेतून रिकामी स्टुलं दिसत होती, आणि ओट्यावर चार पातेली, झाकण न काढलेली. तिची आणि मास्तरांची नजरानजर झाली. मास्तरांनी हात वर केला. त्यांना त्या हाताने म्हणायचं होतं, 'थांब, मला काहीतरी सांगायचंय, चूक झाली.' पण झेंड्याखालून वर केलेला हात तसं काही म्हणत नाही. तो जिंकलेल्या माणसाचा हात दिसतो. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

रोलांद आत गेली.

पुढच्या शुक्रवारी निकाल आला. पेट्रोल निर्दोष. तपासनीसाने स्वतः येऊन पट्टी कापली, घेवडा मागून घेतला आणि दोन वाट्या खाल्ला. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. देवाने आणि सरकारने मिळून प्रकरण मिटवलं होतं, आता आपण तोंड उघडायची गरज नाही.

पण पंपावर कोणी येईना. शनिवारी दिवसभरात दोन गाड्या आल्या, दोन्ही बाहेरगावच्या, रस्ता चुकलेल्या.

"सरकारी माणसाला काय कळतंय?" फेर्नां कुंपणावरून म्हणाला. "आपल्याकडे आपला केमिस्ट आहे. तू डोळ्यांनी पाणी पाहिलंस ना? संपलं! गावातलं कोणी तिथे भरणार नाही, बघ."

एकतीस वर्षांत गावाने आपल्यावर विश्वास ठेवायला शिकावं म्हणून मास्तरांनी काय काय केलं होतं. आता तो विश्वास चारशे पावलांवर एका बाईचा गळा आवळत होता.

"फेर्नां," मास्तर म्हणाले, "पेट्रोल चांगलं होतं. गाढवपणा माझा होता. मी इंजेक्टर उलटसुलट बसवले. पाणी माझ्याच टाकीत पडलेल्या बर्फाचं होतं."

फेर्नांने कुंपणावरून हात लांब करून मास्तरांच्या खांद्यावर ठेवला. त्याचे डोळे पाणावले होते.

"किती मोठं मन रे तुझं! विधवा बाईचं नुकसान नको म्हणून स्वतःच्या अंगावर घेतोस?"

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मास्तरांनी पुन्हा सांगितलं, या वेळी पंधरा-वीस जणांना, मोठ्याने. एका म्हाताऱ्या बाईने त्यांचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. दुसरी म्हणाली, असे शिक्षक आता राहिले नाहीत. मास्तर जितक्या कळकळीने स्वतःला मूर्ख म्हणत गेले, तितके ते लोकांच्या नजरेत वर चढत गेले. सोलांज दोन पायऱ्या खाली उभी होती.

"करून दाखव," ती म्हणाली. दोन शब्द. या वेळी मास्तरांनी लगेच मानले.

दुपारी बारा वाजता ओरेलमास्तर पंपाच्या अंगणात स्नोमोबाईल घेऊन उभे होते. डोळ्यांवर चष्मा होता. चर्चमधून निघालेलं सगळं गाव भोवती जमलं, कारण रविवारी दुपारी सेंत-आग्लाएमध्ये दुसरं काही घडत नसे. मिरेयही आली आणि हात खिशात घालून एका बाजूला उभी राहिली.

मास्तरांनी रोलांदच्या पंपातून टाकी भरली. गाडी सुरू केली. गुरगुर, गुरगुर. "हे रोलांदचं पेट्रोल," ते म्हणाले. "ऐका." सगळ्यांनी ऐकलं. मग त्यांनी गाडी बंद केली, थंडीने आखडलेल्या बोटांनी दोन्ही इंजेक्टर काढले, त्यांच्यावरचे नंबर मोठ्याने वाचून दाखवले आणि सगळ्यांसमोर अदलाबदल करून बसवले. यात अर्धा तास गेला. एकही माणूस हलला नाही. मग त्यांनी पुन्हा सुरू केली.

धूर पहिल्यांदा फेर्नांच्या तोंडावर गेला. मग चर्चच्या दिशेने. गाडी शिंकली, लंगडली, आणि मागून असा बार काढला की दोन कुत्री पळाली.

"आणि झाकण काढून ही गाडी मी भुरभुरत्या बर्फात ठेवली," मास्तर धुरातून ओरडले, "आणि जेवायला गेलो! उकडलेले बटाटे होते! दोनदा वाढून घेतले!"

फेर्नांने डोळे पुसले, या वेळी धुरामुळे.

"कालीस! म्हणजे तू खरंच गाढव आहेस?"

"तेच तर मी कालपासून सांगतोय!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून हसली. म्हाताऱ्या बाईला आपले मुके आठवले आणि तिने हातरुमालाने ओठ पुसले. शाळेतली चार पोरं, ज्यांना उद्या पहिल्या तासाला मास्तरांसमोर बसायचं होतं, ती तर बर्फात लोळली. मास्तर मध्ये उभे होते, लाल कानांचे, हातात पाना घेऊन. हसता हसताच कोणीतरी आपली गाडी पंपाशी लावली. मग दुसऱ्याने लावली. थोड्या वेळात रांग चौकापर्यंत गेली.

मिरेय पुढे आली, मास्तरांच्या हातातून पाना घेतला आणि इंजेक्टर जागेवर बसवायला वाकली. "आत जा, सर," ती म्हणाली. "मी बघते."

आत रोलांद काचेमागे उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं आणि ती एकदाही हसली नव्हती. मास्तर ओट्याशी गेले, टोपी काढली. घरून जुळवून आणलेली वाक्यं होती, त्यातलं एकही सापडेना.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

चाळीस वर्षं तिने त्यांना 'तू' म्हटलं होतं.

"गुरुवारी."

"मिरवणुकीच्या आधीच्या गुरुवारी?"

"हो."

रोलांदने फडक्याने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. "चुकीचं मी काही मनात धरलं नसतं. चुका मीही करते. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही झेंड्याखालून माझ्याकडे बघून हात हलवलात."

त्या हाताचा खरा अर्थ काय होता ते सांगावं असं मास्तरांच्या जिभेवर आलं. पण सांगून तो अर्थ बदलणार नव्हता. त्यांनी मान खाली घातली. "हो," ते म्हणाले. "हलवला."

बाहेर पंपाची घंटी वाजत होती, लोक हाका मारत होते. रोलांदने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने कप घेतला, कॉफी ओतली आणि मास्तरांसमोर सरकवली. मास्तर स्टुलावर बसले आणि एक घोट घेतला. मास्तरांना कॉफीत तीन चमचे साखर लागते हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि रोलांदला सगळ्यात जास्त, कारण इतकी वर्षं तीच ती ढवळून द्यायची. या कॉफीत साखरेचा कणही नव्हता. साखरेचं भांडं हाताच्या अंतरावर होतं.

मास्तरांनी हात पुढे केला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"चांगली झालीय," ते म्हणाले.

रोलांदने त्यांच्याकडे बघितलं, आणि न विचारता कप पुन्हा भरला, काठोकाठ, तसाच.